ऊसबिलातली कपात, कॉलेजची फी आणि झेडपीची शाळा : खर्च नक्की कुणाचा?

हळदपेठ (सांगली)

पक्षाचे झेंडे बाजूला ठेवून बोला असं म्हणणार नाही, कारण कुणी ठेवत नाही. फक्त विचारलंय त्याचं उत्तर द्या.

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडलं. त्याआधी सांगलीच्या वालचंद कॉलेजला नंबर लागला तर लागला, नाहीतर देणगीची पिशवी घेऊन कर्नाटकात जायचं. पैसा तिकडं जातोय तो इथंच राहू दे, पोरं घरची भाकरी खाऊन शिकू देत, असा तो हिशेब होता. हिशेब वाईट नव्हता. पण कॉलेजं उभी राहिली कशावर? आपल्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी साखर कारखान्याच्या पुण्याईवर. टनामागं कपात व्हायची, कधी शिक्षण निधी म्हणून, कधी नुसतीच ठेव म्हणून. म्हणजे सभासदानं आधी कॉलेज बांधलं आणि पोरगं अ‍ॅडमिशनला गेलं तेव्हा फीसुद्धा भरली.

तर प्रश्न असा. शिक्षणाचा खर्च कुणी उचलायचा : सरकारनं, संस्थेनं की आईबापानं? आणि आज सत्तेत आहेत ते आणि विरोधात आहेत ते, यांच्यात या एका गोष्टीवर खरोखर काही फरक आहे का?

पद्माळे फाटा

दादांवर घसरायची फॅशनच झालीय. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळताना गोळी खाल्लेला माणूस, स्वतःचं शिक्षण अर्धवट राहिलेलं, आणि त्यानं खेड्यातल्या पोरांसाठी कॉलेजं काढू दिली. आज हिंजवडीत शिराळ्याची, जतची, कवठेमहांकाळची पोरं लॅपटॉप घेऊन बसलीत ती कुणामुळं? सरकारी सीटांची वाट बघत बसलो असतो तर अजून गुऱ्हाळावर असतो.

तंबोरा मिरज

कॉलेजं काढली हे खरं. पण चाळीस वर्षांत 'शिक्षणसम्राट' नावाची जमात तयार झाली ती कुणाच्या पंक्तीला बसून? कॅपिटेशन फीविरोधी कायदा महाराष्ट्रानं १९८७ चा केलाय. कायदा करावा लागला म्हणजे चार वर्षांतच काय चाललं होतं ते समजून घ्या.

उलट जुलै २०२४ मध्ये महायुती सरकारनं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. याला म्हणतात निर्णय. धागाकर्त्यांना फरक हवा होता ना? हा घ्या.

पावसातला सातारा

शिक्षणसम्राट आता कुणाच्या पंक्तीला बसलेत तेही सांगा की. ताट तेच आहे, वाढपी बदललाय.

तंबोरा मिरज

आमच्याकडं आले म्हणजे सुधारले असं धरा. :)

हळदपेठ (सांगली)

झालं सुरू. फीमाफीचा मुद्दा चांगला आहे. पण ती माफी म्हणजे सरकारनं संस्थेला फी देणं. फी किती असावी हे ठरतं कुठं, आणि सरकारकडून रक्कम उशिरा आली तर संस्था कुणाच्या मागं लागते? ज्यांच्या मुली शिकतायत त्यांनी लिहा.

मीच तो सभासद

पोरीच्या मागं लागते. लेखी काय देत न्हाईत, तोंडी सांगतात, आधी भरा, आल्यावर परत देऊ. कॉलेजचं नाव लिहीत न्हाई, पोरगी अजून तिथंच हाय.

आणि कपातीचं म्हणाल तर आमच्या वडलांच्या काळची बिलं ट्रंकेत हायत. ऊसाचा दर एका ओळीत आणि खाली कपातीच्या ओळी. ठेवीवर व्याज म्हणून साखर मिळायची. वडील म्हणायचे कॉलेज आपलं हाय. आपलं हाय तर संचालक मंडळाच्या मीटिंगला आपल्याला चहा तरी द्या म्हणावं.

तासगावचे गुरुजी

धागाकर्त्यांनी १९८३ पासून सुरुवात केली, म्हणून गोष्ट अर्धीच झाली. थोडं मागं जातो, लांबेल.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ ला कराडजवळच्या काल्याला काढली, १९२४ ला मुक्काम साताऱ्याला हलवला. सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीत जेवणारं वसतिगृह. १९२७ ला गांधीजींनी त्याला शाहू बोर्डिंग हे नाव दिलं. घरात दाणा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मुष्टिफंड म्हणजे घराघरातून मूठमूठ धान्य. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथली पोरं शेतात राबून शिकायची. हे सगळं आपल्याला भाषणात ऐकून पाठ झालंय, आणि हल्ली प्रत्येक पुढारी ते सांगून शेवटी म्हणतो की बघा, सरकारच्या पैशाशिवाय शाळा चालतात, लोकसहभाग वाढवा.

इथंच गफलत आहे. भाऊरावअण्णांनी लोकवर्गणी काढली ती सरकारला मोकळं सोडायला नव्हे. शाळा सुरू करायला वर्गणी, आणि ती चालवायला सरकारी अनुदान, यासाठी ते आयुष्यभर भांडले. १९४८ ला त्यांनी सरकारवर टीका केली म्हणून बाळासाहेब खेरांच्या सरकारनं रयतचं अनुदान बंद केलं. काँग्रेसचंच सरकार, स्वातंत्र्याचं दुसरं वर्षसुद्धा पुरं नव्हतं. ते परत सुरू व्हायला गाडगेबाबांना मध्ये पडावं लागलं. तेव्हा अनुदानाचा नळ हातात असला की तो पिरगाळायचा मोह कुठल्याही पक्षाला होतो, हे आपल्या जिल्ह्यानं पहिल्यांदा बघितलंय.

मग यशवंतराव चव्हाण आले. देवराष्ट्र्याचा माणूस, गरिबी बघितलेला. १९५९ ला ई.बी.सी. सवलत आणली. घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर फी माफ, जात कुठलीही असो. त्या बाराशे रुपयांच्या दाखल्यावर माझ्यासारखे हजारो शिकले. म्हणजे १९५९ ला ठरलं होतं की खर्च सरकारचा. १९८३ ला उच्च शिक्षणापुरतं ठरलं की आईबापाचा. आता प्राथमिकचं ठरायच्या वाटेवर आहे. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारा निर्णय वाचा. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असेल तर तिथं शिक्षकाचं पदच मंजूर नाही. वर्ग कागदावर आहे, शिक्षक शून्य. त्याच वर्षी सप्टेंबरात काय, तर वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनातला एक शिक्षक कंत्राटी, १५ हजार मानधनावर. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामूहिक रजेवर गेले ते यासाठी.

जुना बिल्लेवाला (कडेगाव)

गुरुजी, इतिहास झकास. पण शिक्षक मार्च २०२३ मध्ये आठवडाभर जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा पट वाढवायची एकतरी मागणी होती का? पट घसरला तो सरकारनं पोरं पळवली म्हणून नाही, आईबापांनी पायानं मत दिलं म्हणून. मजुरी करणारी बाई पोराला टाय घालून इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसवते. तिला वेडी म्हणणार का?

माझा उपाय सरळ आहे. सरकार एका पोरामागं जेवढा खर्च करतं तेवढी चिठ्ठी आईबापाच्या हातात द्या. ते ठरवतील झेडपी की खासगी. शेतकरी संघटनेनं शिकवलं ते एवढंच : भीक नको, घामाचं दाम हवं. सरकारनं धंदाही करू नये आणि दुकानांवर पहाराही देऊ नये. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट कशासाठी ठेवलीय? शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळू नये म्हणून. ही अट काँग्रेस आघाडीनं राखली, भाजपनं राखली, कारण चेअरमन दोन्हीकडं आहेत. तुमचा 'आर्थिक धोरणातला फरक' तिथं विरघळतो बघा.

वाळव्याचा पत्रीसरकारी

चिठ्ठी हातात दिल्यावर आरळ्याच्या वर डोंगरातल्या वाडीत खासगी शाळा कोण काढणार? नफा तिथं नाही. बाजार पेठेत चालतो हो, वाडीत चालत नाही.

खर्चाचं म्हणाल तर पैसा नाही असं नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग, ८०२ किलोमीटर, सुमारे ८६ हजार कोटी. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळची बागायत जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. मागितला कुणी होता हा रस्ता? क्रांतिसिंह नाना पाटलांना साताऱ्यानं १९५७ ला कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत पाठवलं होतं. त्या मतदारसंघात आज चर्चा कशाची, तर गादीची.

तंबोरा मिरज

रस्ते नकोत, कारखाने नकोत, महामार्ग नको. किर्लोस्करवाडी १९१० ला झाली, त्यानंतर आपल्या जिल्ह्यात त्या तोडीचं काय आलं? सांगली बँक होती १९१६ ची, २००७ ला आयसीआयसीआयमध्ये विरघळली. तेव्हा राज्यात आणि केंद्रात कुणाचं सरकार होतं? रस्ता आला की उद्योग येतो. उद्योग आला की कर येतो. त्यातूनच शाळा चालते.

पावसातला सातारा

कराचं बोलताय म्हणून. राज्याचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढं गेलंय. लाडक्या बहिणीला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी. निवडणुकीत २१०० म्हणाले, देतायत १५००. हे आर्थिक धोरण म्हणायचं का मतांची पेरणी?

तंबोरा मिरज

आणि तुमच्या महाविकास आघाडीच्या जाहीरनाम्यात महिलांना ३००० रुपये होते त्याचं काय? कर्नाटकात काँग्रेस गृहलक्ष्मीला २००० देते ते पुण्य, आणि आमचे १५०० ते पाप?

शिराळ्याची आक्का

दोघं जरा थांबा. मघापासून वाचतीया.

लाडक्या बहिणीचा विषय निघाला की समदे पुरुष हिशेबनीस होतात. कर्जमाफी झाली तवा कुणी विचारलं न्हाई की या माणसानं पैसं कशात घातलं. मला पंधराशे मिळतात. त्यात पोरीचं वह्या-पेन, तिच्या आजीच्या बीपीच्या गोळ्या आणि महिन्याला उरलं तर तेल. साड्या घेत न्हाई. गेल्या दहा वर्सांत सरकारकडनं माझ्या नावावर, माझ्या खात्यात आलेलं पयलं पैसं हेच. त्याला भीक म्हणणाऱ्यांनी आधी घरच्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवा, मग बोलू.

पण गुरुजी म्हणतात ते बी खरं हाय. आमच्या वाडीची शाळा सातवीपर्यंत. वरच्या वर्गात पोरं थोडी. आता म्हणतात सहावी-सातवीला शिक्षक मिळणार न्हाई, पलीकडच्या गावाला घाला. मधी ओढा हाय आणि पावसाळ्यात बिबट्या. पंधराशे दिऊन शाळा काढून घेणार असाल तर मला पंधराशेबी नको आणि तुमचं भाषणबी नको.

हळदपेठ (सांगली)

आक्का, धाग्याचं काम तुम्ही केलंत. योजना आणि शाळा यांत एकच निवडा असं आपल्याला कुणी सांगितलंय? माझ्या मते खरा प्रश्न तिथंच आहे. रोख रक्कम बंद केली तर उद्या बायका जाब विचारतील, वर्ग बंद केला तर विचारणारे वीससुद्धा नाहीत. म्हणून कात्री तिथं लागते. यात कमळ, घड्याळ, हात असं काही नाही.

गलाईवाला (मूळ विटा, सध्या कोइमतूर)

गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यामुळं माझं अर्धं आयुष्य तमिळनाडूत गेलं, म्हणून इथलं सांगतो. तिथं कामराजांनी शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं, १९८२ ला एमजीआरनी ते मोठं केलं, आणि सप्टेंबर २०२२ पासून स्टॅलिन सरकारनं सरकारी प्राथमिक शाळेत सकाळची न्याहारीही सुरू केली. काँग्रेस, अण्णाद्रमुक, द्रमुक. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आधीच्या मुख्यमंत्र्याच्या चौकशा लावतात, अटका करतात. पण पोरांच्या ताटातलं अंडं काढायची कुणाची छाती होत नाही. तिथं तो मतांचा मुद्दा आहे.

आपल्याकडं नोव्हेंबर २०२३ ला आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, जानेवारी २०२५ ला सरकारनं त्याचा वेगळा पैसा थांबवला. किती मोर्चे निघाले? विट्यात तरी निघाला नाही. आटपाडीतही ऐकला नाही. माझी स्वतःची पोरं इथं सीबीएसईला आहेत, तेही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच.

पद्माळे फाटा

मोर्चे काढायला नेतृत्व लागतं. आपल्या जिल्ह्यात नेत्यांची धावपळ तिकिटासाठी. संजयकाका पाटलांचं बघा : काँग्रेस, राष्ट्रवादी, मग भाजपचे खासदार, २०२४ ला लोकसभा हरल्यावर विधानसभेला अजितदादांचं घड्याळ. आर. आर. आबांच्या रोहितनं पाडलं ते बरं झालं.

तंबोरा मिरज

आणि विशाल पाटील २०१९ ला स्वाभिमानीची बॅट, २०२४ ला अपक्ष, निवडून आल्यावर काँग्रेसला पाठिंबा. दादांच्या नातवाला दादांच्याच पक्षानं तिकीट दिलं नाही. ते कुठल्या तत्त्वात बसवायचं?

पद्माळे फाटा

लोकांनी निवडून दिलं. सांगलीनं मशालही नाकारली आणि कमळही. विषय संपला.

पावसातला सातारा

आमच्याकडं तर २०१९ ला चार-पाच महिन्यांत राजीनामा, पक्षांतर, पोटनिवडणूक. १८ ऑक्टोबरला शरद पवारसाहेब पावसात उभे राहिले आणि उदयनराजे पडले. २०२४ ला तेच राजे कमळावर निवडून आले, लोकही तेच. सातारकरांना धोरण विचारू नका, भाषण कसं झालं ते विचारा.

पद्माळे फाटा

पाऊस काय सांगता. १९७८ ला दादांचं सरकार कुणी पाडलं ते सांगा की साहेबांना. सांगलीत अजून कुणी विसरलेलं नाही.

पावसातला सातारा

तो विषय काढलात की रात्र पुरत नाही. दादांनी नंतर त्यांच्याशी जुळवून घेतलं, तुम्ही पण घ्या.

जुना बिल्लेवाला (कडेगाव)

बघा, ऊसबिलापासून निघालो आणि खंजिरापर्यंत पोचलो. परत ऊसावर येतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. चौदा दिवसांत पैसे, नाहीतर व्याज. फेब्रुवारी २०२२ ला महाविकास आघाडीनं एफआरपीचे, म्हणजे ऊसाच्या कायद्यानं ठरलेल्या किमान दराचे, दोन तुकडे केले. 'शेतकऱ्यांचा जाणता राजा' त्यांच्याच आघाडीत. सरकार बदललं तरी तो निर्णय तसाच राहिला. शेवटी मार्च २०२५ ला उच्च न्यायालयानं रद्द केला. आणि दिल्लीकडं बघाल तर साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर गोठवलेली, एफआरपी मात्र वाढत २०२५-२६ ला टनाला ३५५० झाली. कारखाना म्हणतो मला परवडत नाही, सरकार म्हणतं मी भाव दिला. मध्ये बसतो तो आपण. आणि फी मात्र एकरकमी भरायची.

मीच तो सभासद

हे बेस बोललासा. आमचा पैसा हप्त्यानं, त्यांचा एकदम. काट्यावर वजनात मारतात ते निराळंच.

तासगावचे गुरुजी

बिल्लेवाले, या एका मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. पेन्शनबद्दल मात्र नाही. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाला जुनी पेन्शन नाही, आणि तोच शिक्षक निवडणूक, जनगणना, पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती हे सगळं करून उरलेल्या वेळात शिकवतो. चिठ्ठीचं म्हणाल तर तिचाच एक प्रयोग आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांत चालू आहे. त्याचं काय केलं? फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागांतून सूट. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल घटनाबाह्य ठरवला. म्हणजे सरकारला गरिबाची चिठ्ठीही नको आणि स्वतःची शाळाही नको.

जतकर

आमच्याकडं या दोन्ही वादांना वेळ नाही. जत तालुक्यात झेडपीच्या मराठी शाळा आहेत तशा कन्नडही. पाण्यासाठी सीमेवरच्या गावांनी २०१२ ला कर्नाटकात जायचे ठराव केले, २०२२ च्या अखेरीला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी तेच उकरून काढलं तेव्हा मुंबईतले सगळे पक्ष आठवडाभर जतप्रेमी झाले. म्हैसाळच्या विस्तारित पाणीयोजनेच्या घोषणा झाल्या. शाळेबद्दल एकानंही शब्द काढला नाही. एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा आम्ही हसलो. घरात कन्नड, बाजारात मराठी, वर इंग्रजी आणि आता हिंदी. जूनअखेर मागं घेतला म्हणून बरं. पोर बोलायला लागायच्या आधी थकलं असतं.

हळदपेठ (सांगली)

माझं मत आता स्पष्टच लिहितो. सातवीपर्यंतची शाळा ही रस्ता-पाण्यासारखी सरकारची जबाबदारी, पट एक असो की शंभर. ती संस्थेवर, सीएसआरवर, 'दत्तक' योजनेवर ढकलायची नाही. त्यापुढच्या शिक्षणात खासगी संस्था असू देत, पण ज्या संस्थेत सभासदांच्या कपातीचा पैसा गेलाय तिथं सभासदांच्या मुलांना फीत सवलत लेखी हवी. हे कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात असेल तर दाखवा.

आणि एक. मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत झेडपीवर प्रशासक होता. शाळा झेडपीच्या, आणि तेवढी वर्षं झेडपीत निवडून आलेला एकही माणूस नव्हता. वर्ग बंद होताना ठराव कुणी करायचा आणि विरोध कुणी नोंदवायचा?

वाळव्याचा पत्रीसरकारी

निवडणूक लागली की बघा. उमेदवाराकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या.

तंबोरा मिरज

स्टॅम्पपेपर काय करायचाय? काम करणाऱ्याला निवडा. आणि आक्कांच्या मुलीचं म्हणाल तर पुढच्या गावी जायला मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. बायकांना तिकीट निम्मं, तेही मार्च २०२३ ला याच सरकारनं केलं. सरकार काहीच करत नाही असं नका म्हणू.

शिराळ्याची आक्का

पास हाय. गाडी न्हाई.

पावसातला सातारा

परिवहन खातं कुणाकडं आहे हो तंबोरा?

तंबोरा मिरज

आमच्याकडं नाही. ते शिंदेसेनेकडं.